हेझलबाईंचं मधलं नाव

“इथे मधलं नाव कुणाचं असतं गं?” सरलाताईंनी विचारलं.

सिद्धी जुईचा डबा भरत होती. देवव्रत साइटवर जाऊन अर्धा तास झाला होता आणि आठला सिद्धीला हॉस्पिटलात ड्यूटीवर उभं राहायचं होतं. अशा वेळी सासूने प्रश्न विचारला की सून जसं उत्तर देते, तसंच तिने दिलं.

“कुणाचंही असतं, आई. आजीचं, मावशीचं, नुसतं आवडलं म्हणूनही. माझ्या वॉर्डात एक सिस्टर आहे, तिचं तर आईच्या माहेरचं आडनाव आहे मधे. तसे ढीगभर लोक असतात इथे.”

“वडिलांचं नसतं?”

“मुलीला वडिलांचं नाव कसं लावतील? ते आपल्याकडे.” तिने डब्याचं झाकण दाबलं आणि मग कुठे सासूकडे पाहिलं. “का हो? काय झालं?”

“काही नाही. निघ तू, उशीर होईल.”

काही नाही कसं? इंग्लंडहून आलेलं पत्र पहाटेपासून त्यांच्या फोनवर उघडं होतं. त्यात जे लिहिलं होतं ते सुनेच्या उत्तराने खोटं ठरावं, एवढ्या एका आशेवर त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता. ती आशा सिद्धीने डब्याच्या झाकणाबरोबर बंद केली, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

सरलाताई म्हणजे सरला हरीश वाळिंबे. त्याआधी सरला श्रीनाथ कुंटे. कऱ्हाड नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात एकतीस वर्षं कारकुनी केलेली बाई. स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. गावात जन्मलेलं प्रत्येक पोर त्यांनी या तीन चौकटींत बसवलं होतं आणि मेलेलं प्रत्येक माणूस त्याच चौकटींतून उठवलं होतं. शाळाप्रवेशासाठी जन्मतारीख दोन महिने मागे ओढा म्हणून विनवणारे आले, दमदाटी करणारे आले, पेढ्यांचे पुडे घेऊन आले. बाईंनी कुणाला दाद दिली नाही. “नोंद म्हणजे नोंद,” एवढंच म्हणायच्या. ऑफिसात त्यांना माघारी नोंदबाई म्हणत, आणि हे त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

यजमान गेले, मग देवव्रतने ख्राइस्टचर्चला बोलावून घेतलं. भूकंपानंतर पुन्हा उभ्या राहिलेल्या त्या शहरात इंजिनियर मुलाला कामाची ददात नव्हती. ददात होती ती नोंदबाईंना. गाडी चालवता येत नाही म्हणजे इथे पाय नसल्यासारखंच. नात मराठीत विचारलेल्याचं उत्तर इंग्रजीत द्यायची, तेही दुसरीकडे बघत. मुलगा-सून चांगली होती, अगदी चांगली, पण सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच त्या घरात भांडं पडलं तरी दचकायला दुसरं माणूस नव्हतं.

कुंपणापलीकडच्या हेझल प्रॅट पहिल्यांदा आल्या त्या बशीभर फिजोआ घेऊन. हिरवी, पेरूसारख्या वासाची फळं. वय त्र्याऐंशी, हाडं पाखराची, आवाज खणखणीत. बशी रिकामी परत करायची नाही या नियमाने सरलाताईंनी शिरा पाठवला, त्या बशीतून मार्मालेड आलं, मग चिवडा गेला. वर्षभरात ती बशी नेमकी कुणाची हे दोघींना सांगता आलं नसतं. सरलाताई त्यांना तोंडावर हेझल म्हणत, कारण इथे तसंच म्हणतात. घरात मात्र हेझलबाई. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, पण सरलाताई मनातल्या मनात त्यांना अहो-जाहोच करत.

एक दिवस हेझलबाईंनी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा पुढे केला. भूकंपात धुराडं कोसळलं, काचेचं कपाट गेलं, हा डबा तेवढा राहिला. आत दोऱ्यात ओवलेला पुठ्ठ्याचा एक बिल्ला होता. त्यावर शाईने लिहिलं होतं, ‘हेझल एलिस प्रॅट, ३७’.

“हा गळ्यात घालून मी बोटीवर चढले,” त्या म्हणाल्या. “आठ वर्षांची होते.”

लढाईनंतर इंग्लंडातून मुलं इकडे पाठवत असत. पोरकी, गरीब, नकोशी. चांगली हवा, चांगलं दूध, नवा देश. हेझल एका मेंढपाळाच्या घरी वाढली. मारलं नाही कुणी, पण जवळही घेतलं नाही. तुझी आई मेली, असं बोटीवरच्या बाईने सांगितलं होतं. अठराव्या वर्षी तिने सरकारी कचेरीत जाऊन आईच्या मृत्यूचा कागद मागितला, तेव्हा साहेब म्हणाला, असा कागद आमच्याकडे नाही. आई खरंच मेली, की आईने आपल्याला देऊन टाकलं? पुढची पासष्ट वर्षं हा एकच प्रश्न त्यांनी उशाशी घेतला. लग्न झालं, मूल झालं नाही, नवरा वारला. आता हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी महिन्यांची भाषा सुरू केली होती.

“मला इस्टेट शोधायची नाहीये, लव्ह,” त्या म्हणाल्या होत्या. “दिलं की हरवलं, एवढंच कळू दे.”

सरलाताईंच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्यांच्याकडे नोंद मागायला आलं होतं. त्यांनी फाइल केली, फाइलला नाडी लावली, जुईच्या दप्तरातून लाल पेन उचललं. मोठ्या ड्रॉइंग पेपरवर वंशवृक्ष आखला. हेझलबाईंनी एकदा त्यावर चुकलेलं गाव पांढऱ्या शाईने झाकायला घेतलं, तेव्हा सरलाताईंनी त्यांचा हात धरला. “खाडाखोड करायची नाही. चुकीवर एक सरळ लाल रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर लिहायचं, आणि समासात ज्याची चूक त्याची सही.”

“तुझी माणसं फार कडक दिसतात,” हेझलबाई हसल्या होत्या.

इंग्लंडच्या नोंदींत त्या सालची हेझल प्रॅट कुठेच मिळाली नाही. हल नावाच्या बंदराच्या गावची पोर ती, तिथे बॉम्ब पडलेले. जळलं असेल दप्तर, असा सरलाताईंनी शेरा मारला. मग त्या वडिलांच्या मागे लागल्या. वडिलांचं नाव तर बिल्ल्यावर लिहिलेलंच होतं. हेझल एलिस प्रॅट, म्हणजे एलिस प्रॅटची मुलगी हेझल. यात शोधायचं काय? आणि एलिस प्रॅट सापडला. त्याच बंदराचा खलाशी, वय चोवीस, लढाईत बोटीसकट बुडालेला. हेझल तेव्हा दहा महिन्यांची. साल जुळलं, गाव जुळलं, नाव जुळलं. फेब्रुवारीतल्या एका सकाळी सरलाताई चपला न बदलता कुंपणापलीकडे गेल्या आणि म्हणाल्या, “हेझल, तुमचे वडील सापडले.”

 कशावरून, हे हेझलबाईंनी विचारलं नाही. सरलाताईंनी सांगितलं नाही, कारण यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. सूर्य पूर्वेला उगवतो हे कुणी कुणाला सांगतं का?

एप्रिलमध्ये अँझॅकच्या, म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या स्मरणदिनाच्या पहाटे दोघी सैनिकांच्या स्मारकापाशी गेल्या. हेझलबाईंनी कोटाला लाल कागदी फूल लावलं होतं. बिगुल वाजल्यावर त्या पुटपुटल्या, “गुड मॉर्निंग, डॅड.” त्र्याऐंशी वर्षांत तो शब्द त्यांनी पहिल्यांदाच उच्चारला होता. सरलाताई साडीवर स्वेटर, स्वेटरवर शाल अशा शेजारी उभ्या होत्या आणि आयुष्यात काहीतरी केल्याचं समाधान त्यांच्या डोळ्यांतून वाहत होतं. मग मे, जून, जुलै. एलिसचं लग्न कुठे लागलं, बायको कोण, याची पत्रं आरमाराला, चर्चला, खलाशांच्या संघटनेला. कुठूनच काही येईना. शेवटी ऑगस्टमध्ये त्यांनी हलच्या दप्तरखान्याला लिहिलं, बिल्ल्याचा फोटो जोडून.

त्याचं उत्तर आज पहाटे आलं होतं.

दप्तरखान्यातल्या बाईंनी फार नम्रपणे लिहिलं होतं. मधलं ‘एलिस’ हे आडनाव असावं असं वाटल्याने त्यांनी प्रॅटऐवजी एलिस या आडनावाखाली पाहिलं, आणि पाच मिनिटांत नोंद मिळाली. हेझल एलिस. आईचं नाव विनिफ्रेड एलिस, वय अठरा, मासळीच्या कारखान्यात कामाला. वडिलांची चौकट कोरी. प्रॅट हे त्या बाईचं आडनाव, जिच्याकडे विनिफ्रेड पोर सांभाळायला ठेवत असे. विनिफ्रेडला क्षय झाला, ती दोन वर्षं आरोग्यधामात होती. तेवढ्यात प्रॅटबाईने आपलं आडनाव लावून पोरीला बोटीच्या यादीत घातलं. आई बरी होऊन परत आली तेव्हा तिला सांगण्यात आलं की मुलगी कॅनडाला गेली.

एवढ्यावर पत्र संपतं तर बरं होतं. पण बाई कामसू होत्या. विनिफ्रेड एलिस यांच्या भाचीने जुलैमध्ये याच कचेरीत याच मुलीची चौकशी केली होती, म्हणून तिचं टिपण त्यांनी सोबत जोडलं होतं. मावशीने लग्न केलं नाही. आयुष्यभर ती कॅनडाला पत्रं लिहीत राहिली. अकरा जूनला वृद्धाश्रमात, एकशे एकाव्या वर्षी ती गेली. दृष्टी अधू झाली होती, पण कान शेवटपर्यंत शाबूत होते. फोनवर छान बोलायची.

शेवटच्या दोन वाक्यांवर सरलाताईंची बोटं थांबली होती. भाचीने ती आपल्या मावशीच्या कौतुकाने लिहिली होती.

घर रिकामं झाल्यावर त्या फाइल उघडून बसल्या. फेब्रुवारी ते जून, चार महिने. फेब्रुवारीत नुसतं विचारलं असतं, सिद्धीला, देवव्रतला, लायब्ररीतल्या कुणालाही, की हे मधलं नाव कुणाचं? सकाळी सिद्धीने डबा भरता भरता सांगितलं, इतकं ते सोपं होतं. मग एक फोन. एकशे एक वर्षांच्या आईला त्र्याऐंशी वर्षांच्या मुलीचा फोन. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं शाळेत असताना पोरी हसत हसत म्हणायच्या. या म्हणीत हसण्यासारखं काय असतं हे सरलाताईंना त्या दिवशी कळेना.

संध्याकाळी त्यांनी मुला-सुनेला सगळं सांगितलं. 

“नका सांगू, आई,” सिद्धी म्हणाली. “आता कसल्या सुखात आहेत त्या. वडिलांचा फोटो लावलाय भिंतीवर. किती दिवस राहिलेत त्यांचे?”

“तो फोटो परक्या माणसाचा आहे.”

“त्यांना कुठे माहितेय?”

“मला माहितेय ना.”

“आई, तू मुद्दाम केलंस का?” देवव्रत म्हणाला. “एवढं मनाला लावून घेऊ नकोस. इट्स नॉट युअर फॉल्ट.”

“मग कुणाचा?” सरलाताईंनी विचारलं. त्या काही रागाने विचारत नव्हत्या. त्यांना खरोखरच नाव हवं होतं.

तरी रात्र त्यांनी स्वतःशी घासाघीस करण्यात काढली, हे लपवण्यात अर्थ नाही. अर्धंच सांगावं. आई सापडली, तिने तुम्हाला टाकलं नव्हतं, एवढं सांगावं आणि वारल्याचं साल चाळीस वर्षं मागे ढकलावं. कोण तपासणार आहे? लोक शाळेसाठी दोन महिने मागत होते, आपण चाळीस वर्षं घ्यायची. सकाळी आरशात स्वतःचा चेहरा दिसला आणि त्यांना आपलीच शिसारी आली.

दहा वाजता त्या पलीकडे गेल्या. सप्टेंबर लागला होता, हेझलबाईंच्या अंगणात डॅफोडिल्स उमलली होती. हेझलबाईंनी चहाचं आधण ठेवलं. भिंतीवर वंशवृक्ष होता, आणि त्याच्या माथ्यावर एलिस प्रॅट खलाशाच्या टोपीत हसत होता.

“चहा नको,” सरलाताई म्हणाल्या. “आधी बसा तुम्ही.”

त्यांनी सगळं सांगितलं. कारकुनासारखं, क्रमाने, काही न गाळता. आई. कारखाना. आरोग्यधाम. प्रॅटबाई. कॅनडा. हेझलबाईंचे डोळे इतके मोठे झाले होते की त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

“म्हणजे दिलं नव्हतं,” त्या म्हणाल्या.

“नाही. त्या शोधत होत्या तुम्हाला. जन्मभर.”

हेझलबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. किटली उकळून आपोआप बंद झाली. पुष्कळ वेळाने त्यांनी हात काढले तेव्हा चेहऱ्यावर कधी न दिसलेलं काहीतरी होतं, आठ वर्षांच्या पोरीचं.

“कधी गेली?”

“अकरा जून.”

“कोणत्या साली?”

“यंदा.”

 हेझलबाई मोजत होत्या. जून म्हणजे थंडी. जूनमध्ये या दोघी याच टेबलाशी बसून एलिसच्या बोटीच्या चित्रात रंग भरत होत्या. हीटर लावला होता, सरलाताईंनी आल्याच्या वड्या आणल्या होत्या.

“एलिस माझा बाप आहे, हे तुला कुठे सापडलं?” त्यांनी विचारलं.

“कुठेच नाही. आमच्याकडे मधलं नाव बापाचं असतं. मी विचारलं नाही कुणाला. मला वाटलं, सगळीकडे तसंच असतं.”

“सगळ्यांचंच असतं? तुझंही?”

“हो. आधी वडिलांचं होतं. लग्नानंतर नवऱ्याचं.”

“आणि आईचं?”

“आईचं कुठेच नसतं.”

हेझलबाईंनी डब्यातून बिल्ला काढला. जेमतेम ओळखू येईल इतकी शाई पिवळी पडली होती, तरी मधल्या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं ते अचूक.

“म्हणजे ती माझ्याजवळच होती,” त्या म्हणाल्या. “गळ्यात घातली होती मी तिला. बोटीवर. सगळा वेळ.”

सरलाताईंना रडू फुटलं. माफी मागायची तर इंग्रजीत त्यांना एकच शब्द येत होता, आणि तो शब्द इथले लोक दुकानात कोपर लागलं तरी वापरतात. तो त्यांनी वापरला. हेझलबाईंनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

“तू आता घरी जा, सरला,” त्या म्हणाल्या. नेहमीचं लव्ह त्यात नव्हतं.

त्यानंतर पाच दिवस पलीकडची खिडकी उघडली नाही. दिवा लागायचा, नर्सची गाडी येऊन जायची. सरलाताईंनी एकदा बशीत शिरा घालून नेला आणि दारापासून तसाच परत आणला.  शिरा फ्रिजमध्ये दोन दिवस राहिला आणि मग टाकून द्यावा लागला.

सहाव्या दिवशी टपालपेटीत एक गुंडाळी होती, लोकरीने बांधलेली. सरलाताईंनी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर सोडली. वंशवृक्ष होता. फोटो काढून घेतला होता, गोंदाचा चौकोन तेवढा उरला होता. ‘एलिस प्रॅट’ या नावावर पट्टीने मारलेली एक सरळ लाल रेघ होती, खालचं स्वच्छ वाचता येत होतं. वर थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, ‘विनिफ्रेड एलिस’, आणि पुढे दोन तारखा. खाली हेझलपुढच्या ‘प्रॅट’वरही तशीच रेघ. त्या नावाने त्या पंच्याहत्तर वर्षं जगल्या होत्या, मत देत होत्या, पेन्शन घेत होत्या, नवऱ्याचं आडनावसुद्धा त्यांनी लावलं नव्हतं.

चिठ्ठी नव्हती. सरलाताईंनी कागद उलटून पाहिला, गुंडाळीच्या आत पाहिलं, टपालपेटीत पुन्हा जाऊन हात घातला. काही नव्हतं. मग त्यांना समास दिसला. उजव्या समासात, बरोबर लाल रेघेच्या रेषेत, पेन्सिलीने एक बारीक फुली केली होती. बँकेचा माणूस म्हातारीला सही कुठे करायची ते दाखवतो तशी.

 एकतीस वर्षांत त्यांच्या एकाही रजिस्टरच्या समासात त्यांची सही नव्हती. निवृत्तीच्या समारंभात मुख्याधिकाऱ्यांनी हे मुद्दाम सांगितलं होतं आणि टाळ्या पडल्या होत्या.

त्यांनी लाल पेन घेतलं आणि फुलीवर सही केली. स. ह. वाळिंबे. खाली तारीख घातली. शाई वाळेपर्यंत थांबल्या, कागद पुन्हा गुंडाळला, तीच लोकर तशीच बांधली. पलीकडच्या फाटकापाशी गेल्या आणि दार न वाजवता ती गुंडाळी हेझल एलिस यांच्या पेटीत हलकेच सरकवून परत आल्या.